तिच्या हातची पेज

मी आयुष्यात फारसा कुणाचा हेवा केलेला नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईच्या फ्रिजचा केला, धाकट्या जावेच्या केसांचा केला, आणि एकदा एका म्हशीचा केला, कारण भर मे महिन्यात ती तुर्भ्याच्या डबक्यात गळ्यापर्यंत बसली होती आणि मी उन्हात बसची वाट बघत उभी होते. पण हे सगळे किरकोळ हेवे, चार दिवसांत उतरणारे. पोटात पेटून मस्तकापर्यंत चढलेला हेवा मी एकाच बाईचा केला. तिचा गुन्हा एवढाच, की माझी लेक तिच्या हातून पेज प्यायली.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. यांना रबाळ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही मराठवाड्यातून उठून वाशीला आलो होतो. तेव्हाची वाशी म्हणजे चिखलात रोवलेल्या मोजक्या इमारती आणि बाकी सगळे डास. डास तरी कसले! आमच्या यांनी एकदा दार उघडून एकाला "या, बसा" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. मातीचं तर विचारू नका. एकदा आमच्या इमारतीसमोर सायकल उभी केली होती, संध्याकाळी नुसतं हँडल वर दिसत होतं. हे म्हणतात की सायकल आडवी पडली होती. यांना सगळ्याच गोष्टी लहान करून सांगायची सवय आहे.

आमचं घर तळमजल्यावर होतं आणि मागच्या अंगाला जुनं आगऱ्यांचं गाव. तिथली एक बाई रोज डोक्यावर भाजीची पाटी घेऊन कॉलनीत यायची. वय पन्नाशीचं, लुगडं गुडघ्यापर्यंत आवळलेलं, आवाज असा की तिनं वाशीत "भाजीऽऽ" म्हटलं तर पार लांब मोऱ्या बंदराच्या धक्क्यावर लाँच सोडणारा माणूस हातातला दोर खाली टाकून मागं बघायचा. पाटी रिकामी झाली की ती आमच्या ओट्यावर टेकायची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय. पहिल्याच दिवशी तिनं मला शांतपणे सांगितलं होतं, "तुजी मोरी हाय ना बाय, तिचे जाग्याव आमचा भात व्हायचा." नंतर कितीतरी दिवस मी मोरीत पाय ठेवताना चपला काढत होते.

कॉलनीसाठी जमीन गेली तरी तिच्या भावाकडं मिठागराचं काम अजून होतं. तिथलं जाडं मीठ ती मला फडक्यात बांधून आणून द्यायची. विकतचं मीठ मी घेणंच सोडलं होतं. त्या मिठाचा एकेक खडा असा टपोरा आणि पाणीदार, की सराफासमोर ठेवला असता तर त्यानं भिंग काढलं असतं.

माझी लेक तेव्हा अकरा महिन्यांची होती. ती तीन महिन्यांची असताना मला टायफॉइड झाला आणि अंगावरचं दूध आटलं ते आटलंच. तेव्हापासून बाटली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं मी जे काही वेड्यासारखं वागले त्याचं मूळ तिथं आहे. चार बायका पोराला पदराआड घेऊन बसल्या की मी उठून चहा टाकायला जायचे. पोर माझं, पण त्याला माझी गरज म्हणून पडेल असं माझ्याजवळ काही उरलेलं नाही, हे एक बारीक कुसळ मला कायम टोचत असायचं.

आणि एका सोमवारी पोरीचं पोट बिघडलं.

बिघडलं म्हणजे काय, फुटलंच म्हणा. वरून उलटी, खालून जुलाब. पहिल्या दिवसात मी एकशेचाळीस लंगोट धुतले. हे म्हणतात चौदा. पण मग दोन खिडक्या, ओटा, मागचं कुंपण आणि यांची सायकल एवढं सगळं लंगोटांनी कसं झाकलं गेलं, ते त्यांनी सांगावं. आमच्याकडं, म्हणजे माझ्या माहेरी, लेकराचं पोट सुटलं की पोटाला विश्रांती द्यायची रीत होती. दूध बंद, भात बंद, पाणीसुद्धा नुसतं ओठ ओले करण्यापुरतं. जे आत जात नाही ते बाहेर कुठून येणार, असा तो हिशेब. मी तो चोख पाळला. मंगळवारी सकाळी पोरीनं डोळे उघडले तर ते विहिरीच्या तळातून बघितल्यासारखे दिसले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या होत्या, पण ओरडायला लागल्या की बाहेर रांगेतले पेशंट बरे होऊन घरी जायचे.

"उपाशी ठेवलंत? अहो, हिच्या अंगातलं पाणी चाललंय सगळं! जेवढं जातंय तेवढं आत घालायचं. आणि ही बाटली? ही कधी उकळली होती?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि ती तशीच कचऱ्याच्या बादलीत टाकली.

"वाटी-चमचा. उकळून गार केलेलं पाणी एक ग्लास, चमचाभर साखर, तीन बोटांची एक चिमूट मीठ. दर जुलाबानंतर थोडं थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा द्या. मधून पातळ भात, पेज, केळं कुस्करून. लघवी बंद झाली किंवा पोर ग्लानीत गेली तर तडक इकडं. आणि ते पाणी आधी स्वतः चाखून बघा, कळलं? डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको."

सगळं कळलं होतं. फक्त एक गोष्ट मी मनातल्या मनात गाळून टाकली. लेकराच्या वाटीला आपण तोंड लावायचं? माझ्या आईनं देवाच्या नैवेद्याचं आणि तान्ह्या पोराचं कधी उष्टं होऊ दिलं नव्हतं. शहरात शिकलेल्या डॉक्टरीणबाईंना काय माहीत, असं म्हणून मी ती चव कटाप केली.

घरी येऊन पाणी उकळलं, गार केलं, साखर घातली. मग मावशीच्या भावाचं मीठ. तीन बोटांची चिमूट म्हणजे तीन बोटांची चिमूट. माझी बोटंही काही बारीक नाहीत. ढवळलं आणि चमचा पोरीच्या ओठांशी नेला.

तिनं घोट घेतला, डोळे मोठे केले, माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिची सावत्र आई आहे, आणि फुर्रकन सगळं माझ्या तोंडावर उडवलं. दुसरा चमचा, तसाच. तिसऱ्याला तिनं ओठ असे मिटले की तिथं तोंड होतं हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

तेवढ्यात ओट्यावर पाटी टेकल्याचा आवाज आला.

"काय गो बाय, लंगोटांचा बाजार भरवलंस?"

मी रडतच दार उघडलं. मावशीनं पोरीकडं एकदा बघितलं, हातातली उरलेली मेथीची जुडी माझ्याकडं फेकली आणि तशीच गावाकडं चालू लागली. मी म्हटलं, ही घाबरून पळाली. पंधरा मिनिटांत परत आली ती पदराखाली झाकलेला टोप घेऊन. आत पेज होती. लाल तांदळाची, गरगटून शिजवलेली, वरचं पाणी दुधासारखं दाट. कमरेच्या पिशवीतून तिनं एक शिंपली काढली. तळहाताच्या निम्मी, आतून चांदीसारखी, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

"गरम पानी दे, धुतूं," ती म्हणाली. "माज्या चार पोरा या शिंपलीन वाढल्या."

धुऊन झाल्यावर ती फतकल मारून बसली, पोरीला आडवी घेतली, शिंपली पेजेत बुडवली आणि आधी स्वतः भुरका मारला. मी अंगावर झुरळ चढल्यासारखी शहारले. मग शिंपलीची टोकाची बाजू तिनं पोरीच्या खालच्या ओठावर टेकवली आणि नुसती धरून ठेवली. ओतली नाही, ढकलली नाही.

"पी गो माजे बाय, पी. तुजे आयशीला नाय द्याची, तूच पी."

आणि पोर प्यायली!

एक शिंपली. दोन. पाच. सहाव्या शिंपलीला तिनं मावशीचं बोट धरलं. सुकलेल्या, कालपासून काही धरायची ताकद नसलेल्या त्या मुठीत मावशीचं ते काळं, भेगाळलेलं बोट.

आता कुठल्याही भल्या आईला काय वाटावं? आनंद. देवाचे आभार. मलाही वाटला आनंद, खोटं का बोलू, चांगला पाव चमचा वाटला. बाकी सगळ्या पोटात असा जाळ उठला की त्यावर अख्ख्या वाशीची पेज शिजली असती. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली. पितळेचा एक तांब्या त्या दिवसापासून आमच्याकडं ॲल्युमिनियमचा आहे.

मावशी जाताना म्हणाली, "सांजचे परत येते. तवर तुजा ता साखर-पानी देत ऱ्हा."

दिलं. पोरीनं थुंकलं. संध्याकाळी मावशी आली, शिंपली आली, पोर घटाघटा प्यायली, ढेकर दिला आणि त्या ढेकरासोबत निम्मं मावशीच्या लुगड्यावर परत केलं. मावशीला त्याचं काहीच नाही. "निम्मा ऱ्हायला ना आत? मग झाला," म्हणाली आणि थोडं थांबून पुन्हा पाजायला बसली.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिला डाव शिजला. मी म्हटलं, "मावशी, लुगडं घाण झालं तुमचं. माझी साडी नेसून जा, मी हे धुऊन देते." ती नको नको म्हणत असताना मी तिच्या अंगावर माझी फुलाफुलांची नायलॉनची साडी टाकली. ती सोडून उरलेल्या माझ्या सगळ्या साड्या सुती होत्या, यावरून माझ्या त्यागाची कल्पना यावी. मावशी ती पाचवारी कशीबशी गुंडाळून, पाय अडखळत, लाजत गावात गेली. म्हणे गावातली कुत्री तिला ओळखेनात.

लुगडं धुतलं, खळ दिली, वाळत टाकलं. पण माझा पहिला संशय शिंपलीवर होता. बुधवारी सकाळी पोर झोपल्याबरोबर मी वरच्या मजल्यावरचीला "जरा लक्ष ठेवा" म्हणून खाडीकडं निघाले. आम्ही मराठवाड्याची माणसं. आमच्याकडं नदीसुद्धा घोट्याच्या वर गेली की लोक बघायला येतात. ओहोटी होती. मी बांधावरून खाली पाय टाकला आणि चिखलानं मला गुडघ्यापर्यंत आपलीशी करून घेतलं. दुसरा पाय टाकला, कंबर गेली. कंबर म्हणजे, मांडी तरी नक्की. एक माणूस जाळं झटकत होता. तो निवांत म्हणाला, "काय हवंय वहिनी?"

"शिंपली."

"खायला?"

"नाही. पोरीला पाजायला."

त्यानं जाळं खाली ठेवलं. मग मला दोन्ही हातांनी बाहेर खेचलं, माझी एक चप्पल खाडीला दिली, आणि टोपलीतून एक शिंपली काढून माझ्या हातावर ठेवली. मावशीच्या शिंपलीपेक्षा मोठी! मी घरी आले ती विजयी वीरासारखी, एका पायात चप्पल घालून.

शिंपली वीस मिनिटं उकळली. साखर-मिठाचं ताजं पाणी केलं, तेच चोख प्रमाण. शिंपली ओठावर टेकवली, नुसती धरून ठेवली, ओतली नाही, ढकलली नाही. "पी गो माजे बाय" हेसुद्धा म्हटलं. पोरीनं जीभ टेकवली आणि फुर्रर्र.

मग शिंपली नव्हे. मग ती बाईच. तिचा वास, तिचा स्पर्श, तिचं ते लुगडं. माझ्या लेकीला आई नको होती, मावशी हवी होती. त्या दिवशी दुपारी आणि संध्याकाळी मावशीनंच पेज पाजली आणि दोन्ही वेळा मी दाराला टेकून उभी राहिले. पोरीचे डोळे जरा वर आले होते, लघवी नीट होत होती. सगळं बरं चाललं होतं, फक्त माझ्यावाचून चाललं होतं.

गुरुवारी सकाळी मी दुसरा डाव टाकला. "अजून ओलं आहे" म्हणून बुधवारी दाबून ठेवलेलं मावशीचं लुगडं नेसले. आता नऊवार आम्हीही नेसतो, पण ते गुडघ्यावर आवळलेलं आगरी नेसणं म्हणजे वेगळंच शास्त्र. तीनदा सोडलं, तीनदा बांधलं, शेवटी दोन सेफ्टी पिना आणि एक नाडी लावून उभं केलं. पण साबणानं धुतल्यामुळं त्याचा वास गेलेला! मग डब्यातले सुके बोंबील काढले आणि पदरावर चोळले. केसांना खोबरेल थापलं. आरशात बघितलं तर मीच मला "भाजी काय भाव?" विचारणार होते.

तेवढ्यात हे रात्रपाळीवरून आले. दारात चपला काढल्या, माझ्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघितलं आणि अदबीनं म्हणाले, "मावशी, लवकर आलात. ही कुठं गेली?"

मी वळले. यांच्या हातातला डबा खाली पडला.

"अगं... हे काय?"

"गप्प बसा. पोरीला कळू देऊ नका."

"काय कळू देऊ नको?"

"मी मी आहे ते!"

हे खाटेवर बसले. आजवरच्या संसारात मी त्यांना इतकं गप्प फक्त दोनदा बघितलं आहे. दुसऱ्या खेपेला त्यांची दाढ काढली होती. मी पोरीला आडवी घेतली, शिंपली भरली आणि मावशीच्या आवाजात सुरू केलं, "पी गो माजे बाय, तुजे आयशीला नाय द्याची..." नेमकी त्याच वेळी दारात मावशी उभी राहिली. माझ्या फुलाफुलांच्या नायलॉनच्या साडीत, तीही गुडघ्यापर्यंत आवळलेली, डोक्यावर भाजीची पाटी.

पोरीनं मावशीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा मावशीच्या साडीकडं, पुन्हा माझ्या पदराकडं. आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या गालाला खळी पडली. हसली ती! तोंड भरून, दोन्ही दात दाखवत. ते तोंड उघडं दिसताच मी शिंपली आत रिकामी केली.

मग पोरीचा चेहरा गोळा झाला, नाक वर गेलं, आणि साखर-मिठाचं पाणी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडून थेट यांच्या चष्म्यावर बसलं. अंतर वीस फूट तरी होतं. आमची खोली दहा फुटांची होती हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी वीस होतं.

मी मटकन बसले आणि भोकाड पसरलं. "नकोच आहे मी हिला! तुम्हीच घ्या, तुम्हीच पाजा, तुमचीच आहे ती!"

मावशीनं पाटी उतरवली. मला समजावलं नाही, जवळ घेतलं नाही. माझ्या मांडीजवळची वाटी उचलली आणि सवयीनं एक भुरका मारला. पुढच्या क्षणी ती मोरीकडं धावली. माझी साडी पायात येऊन दोनदा पडता पडता राहिली.

"आगो बाय!" ती आतून ओरडली. "आख्खी खारी खाडी भरून आनलंस की वाटीन! ह्या पाजतंस पोरीला?"

हे उठले, त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि आपला चष्मा पुसून ते चाटलेलं बोटही पुसलं. मग मी चाखलं. आयुष्यात पहिल्यांदा लेकराच्या वाटीला तोंड लावलं. जिभेला असा चटका बसला की मला माझ्याच लेकीच्या सहनशक्तीचं कौतुक वाटलं. डॉक्टरीणबाईंची चिमूट बारीक मिठाची होती. माझ्या चिमटीत मिठागराचे टपोरे खडे होते, प्रत्येक खडा पाण्यात विरघळून आपल्या गावाचं नाव सांगत होता.

इथं कुठल्याही शहाण्या बाईनं मान खाली घातली असती. मी म्हटलं, "तुमचंच मीठ आहे ते मावशी!"

"मीठ माजा," मावशी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पन चिमूट तुजी."

त्याच दुपारी मी पोरीला घेऊन दवाखान्यात गेले आणि झालेलं सगळं सांगितलं, बोंबलाचं सोडून. डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं, मग मला तपासल्यासारखं बघितलं. "पोर शहाणी म्हणून थुंकली," त्या म्हणाल्या. "प्यायली असती तर महागात पडलं असतं. पेजेनं तारलं तिला. आता मीठ कुटून बारीक करा, दोन बोटांनी उचला, आणि चाखल्याशिवाय थेंब देऊ नका."

घरी येऊन मी खलबत्त्यात मीठ कुटलं. पाणी केलं, चाखलं, फेकलं, पुन्हा केलं. चौथ्या ग्लासाला जमलं. चमच्यानं दिलं. साध्या, कारखान्यात बनलेल्या स्टीलच्या चमच्यानं, साध्या सुती साडीत. पोर प्यायली. थांबली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा तोंड उघडलं. अर्धी वाटी! मी मुद्दाम दार सताड उघडं ठेवलं होतं, म्हणजे मावशीला ओट्यावरून दिसेल. तिनं बघितलं की नाही कोण जाणे. ती भेंडी निवडत होती.

शनिवारपर्यंत जुलाब थांबले आणि पोरीला भूक लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुढचे दोन आठवडे रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त, वाळलेलं अंग भरून यायला हवं. मग आमच्या घरात खाण्याची अशी चढाओढ लागली की तशी कुस्तीच्या फडातही लागत नाही. मी मुगाची खिचडी तूप घालून केली की मावशी बटाटा कुस्करून आणायची. तिनं केळं आणलं की मी दहीभात कालवायचे. "माज्या हातचा दोन घास जास्त खाल्लान," असं तिनं म्हटलं की माझी त्या दिवशीची झोप गेलीच. पोर दोन्हीकडून खात होती आणि आपले डाव मुळीच उघडे करत नव्हती. पंधरा दिवसांत ती इतकी गोल झाली की पाळण्यातून काढायला दोन माणसं लागत. बरं, एक. पण धट्टंकट्टं.

एक दिवस मावशी म्हणाली, "उद्यापासना मी नाय येयाची. मोऱ्याला चाललंय, लेकीकरं. दुसरा बाळंतपन हाय तिचा, सासूस नाय घरान. म्हयना-दीड म्हयना."

मी तोंडानं म्हटलं, "अरे वा, सावकाश या." मनात मी ढोल वाजवत होते. पोर आता सगळी माझी!

पहिल्या दिवशी खरंच सगळी माझी होती. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पोर रांगत दाराशी गेली, ओट्याकडं बघत बसली आणि मी भरवायला गेले तर मान फिरवली. तिसऱ्या दिवशी तेच. मी ओट्यावर नेलं, "ती बघ येईल हं, खा," म्हणून खोटं बोलले, तेव्हा दोन घास गेले. चौथ्या दिवशी मी स्वतःला अकराच्या सुमाराला दारात उभी असलेली पकडलं. पोर आत झोपली होती. माझ्या मनात आलं, आत्ता मोऱ्याला ती कुणाला तरी मांडीवर घेऊन बसली असेल, "पी गो माजे बाय" म्हणत असेल. ज्याला मी अजून बघितलंही नव्हतं अशा त्या दोन-चार दिवसांच्या गोळ्याचा मला असा हेवा वाटला की मी दार धाडकन लावलं.

बारा-तेरा दिवस काढले. मग यांना म्हटलं, "बाळंतिणीला बघायला जायला नको? रीत असते." हे माझ्याकडं बघत म्हणाले, "कुणाची रीत?" मी डिंकाचे लाडू केले, पोरीला खाकोटीला मारलं आणि दोन बस बदलून, वाटेतल्या जासईच्या धुळीत पांढरी होऊन, विचारत विचारत मोऱ्याला त्यांच्या दारात पोचले.

मावशी आतून आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं. तिला बघताच माझ्या लेकीनं माझ्या कडेवरून जी झेप घेतली, ती मासळी जाळ्यातून घेते तशी. "आयली माजी बाय!" म्हणत मावशीनं तिला धरायला हात पुढं केले, आणि ते मोकळे व्हावेत म्हणून फडक्यातला तो गोळा सरळ माझ्या हातात दिला.

झाली अदलाबदल. मावशीनं माझ्या पोरीला छातीशी घेतलं, पोरीनं तिच्या मानेत तोंड खुपसलं. मला वाटलं आता पुन्हा पोटात जाळ उठणार. मी वाट बघत उभी राहिले. पण माझ्या हातातलं ते बाळ एकदा कुरकुरलं, मी त्याला सवयीनं जरा थोपटलं, आणि ते असं गपगार झोपी गेलं की जणू माझ्याच घरी जन्मलं होतं. लहान मुलं माझ्याकडं अशीच लगेच झोपतात. लोकांना खरं वाटत नाही.

"दुपारपासना रडतंय," मावशी आश्चर्यानं म्हणाली. "आयशीकरं नाय ऱ्हायला, माज्याकरं नाय ऱ्हायला. तुजे हातान बग कसा निजला!"

मी फुलून गेले. काहीतरी ऐटबाज बोलणार होते. तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या खाटेवर गेली. मावशीची लेक उशीला टेकून बसली होती. वीस-बावीसची असेल. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. ती माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती. माझ्या हातांकडं बघत होती, त्या थोपटणाऱ्या हातांकडं, आणि हसायचा प्रयत्न करत होती.

तो चेहरा मला माहीत होता. चार दिवस मी तो घेऊन दाराला टेकून उभी होते.

मी खाटेजवळ गेले. बाळ गाढ झोपलं होतं, ओठाचा कोपराही हलत नव्हता.

"घे गं बाई तुझ्याकडं," मी म्हटलं. "कधीचं रडतंय माझ्याकडं. काही केल्या राहत नाही."

मावशीनं तोंड उघडलं. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं ते मिटलं. लेकीनं घाईघाईनं हात पुढं केले आणि बाळाला ओढून घेतलं.

"भूक लागली असल त्याला," ती म्हणाली.

"तुझ्यावाचून कशी भागणार," मी म्हटलं आणि लाडवांचा डबा सोडायला वळले.